कड कुणाच्या हातची

सॉल्ट लेक, कोलकाता
१० नोव्हेंबर २०२४

श्यामराव भावोजींना वहिनीचा आशीर्वाद.

वयानं तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, पण नात्यानं मी थोरली, तेव्हा आशीर्वाद मीच देणार. पटत नसेल तर पत्र बाजूला ठेवा, चष्मा पुसा आणि पुन्हा उचला.

फोन का केला नाही म्हणाल. मागल्या वेळी केला तेव्हा तुम्ही पंधरा मिनिटं ‘हां, हां’ म्हणालात आणि शेवटी विचारलंत, ‘कोण बोलतंय?’ कानातलं यंत्र तुम्ही सदऱ्याच्या खिशात ठेवता, हे मंदारनं सांगितलंय. बापाची चहाडी करणारा मुलगा नशिबानं मिळतो. म्हणून हे पत्र. बोलते आहे मी, लिहिते आहे माझी सून सुनीती. सेक्टर फाइव्हला कंपनीत बसून दिवसभर दहा बोटांनी खडखड लिहिते, पण हातात पेन दिलं की दोन ओळींनी मनगट चोळते. (काका, हेही लिहायला लावलं. — सुनीती)

कामाचं सांगते. आमच्या स्वयंपाकघराच्या जुन्या टाइला फुगून सुटल्या. इथली हवाच अशी, पापड आणि भिंत दोन्ही कोरडं राहत नाही. नव्या फिकट हिरव्या टाइला उन्मेषनं आणल्या. ओट्यापासून तीन फूट वर आणि खिडकीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत. पुढे नुसती रंगाची भिंत. म्हणजे वरची कड उघडी, टेबलाकडची उभी कड उघडी, आणि दोन्ही मिळतात तो कोपरा ऐन डोळ्यासमोर.

मिस्त्री सुमित नावाचा आहे. बजबजहून लोकलनं सियालदहला येतो, तिथून मेट्रोनं इकडे. हात चांगला आहे. वरची एक ओळ आणि कडेची एक ओळ सोडून त्यानं सगळं लावलं आणि विचारलं, कड कशी करायची? झालं. उन्मेष म्हणाला, रुंद प्लॅस्टिकची पट्टी वरून चिकटव. सुनीती म्हणाली, ती सुटते, माझ्या मैत्रिणीकडे सुटली. मी तोंड उघडलं तर उन्मेष म्हणाला, ‘आई, तू बस. काकांना विचारू. कड म्हणजे श्यामराव काका.’

तर विचारते आहे. सुमितला न्यू टाऊनला दुसरं काम आहे, तो थेट पाच जानेवारीला येणार. टाइला मोजक्याच उरल्यात, एक जास्तीची. त्या दुकानात तसल्या आता मिळत नाहीत. म्हणजे चुकायची सोय नाही.

भावोजी, सांगा बरं, कड कशी करायची? उन्मेष शेजारीच बसलाय, पेपर वाचतोय असं दाखवतोय. अर्धा तास झाला, पान उलटलं नाही.

खाली माझा अंगठा. मधून तिरकी चीर गेलेला, ओळखालच.

विजया


कराड
१९ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनींच्या चरणी श्यामरावचा शि. सा. न.

आपले पत्र पावले. वाचून संतोष जाहला. फोनसंबंधी जे लिहिले ते अतिशयोक्त आहे. रेंज नसते.

कडेविषयी विचारलेत ते योग्य केलेत. टाइल कोणीही बसवतो. कारागीर ओळखावा तो कडेवरून. नगरपालिकेच्या दवाखान्याचे काम आजही लोक दाखवतात. माझा त्या कामाबद्दल शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, तो फोटो मंदारने दुकानात लावला आहे. दुकानाच्या पाटीवरही त्याने ‘कडेचे कारागीर श्यामराव यांची परंपरा’ असे रंगवून घेतले आहे. मी नको म्हणत होतो.

तर कृती अशी. प्रथम सर्व टाइला बसवून घ्याव्यात. चार दिवस वाळू द्याव्यात. नंतर कडेला पट्टी वरून सिलिकॉनने चिकटवावी. कोपऱ्यावर पट्टी तोडू नये, वाकवून तशीच खाली न्यावी, म्हणजे सांधा येत नाही. पट्टी प्लॅस्टिकची घेतल्यास वाकवायला सोपी. उन्मेषचे म्हणणे बरोबर आहे. मिस्त्रीला माझे नाव सांगून असे करवून घ्यावे.

आपण स्वतः मात्र हात घालू नये. आपण आमच्या हाताखाली पुष्कळ कष्ट काढलेत. आता आराम करावा.

चि. उन्मेष व सौ. सुनीती यांना आशीर्वाद. कळावे.

आपला
श्यामराव


सॉल्ट लेक
२७ नोव्हेंबर २०२४

श्यामराव भावोजींना वहिनीचा आशीर्वाद.

आज बुधवार. उन्मेष बँकेत गेलाय, सुनीतीचं ऑफिस घरूनच आहे, म्हणून आज मोकळं बोलते. सुनीती, जसं बोलेन तसं लिही, गोड करू नकोस.

तुमचं पत्र उन्मेषनं वाचून दाखवलं. कोपऱ्यावर पट्टी वाकवून न्यायची म्हणे! भावोजी, ती भिंत आहे, बैलगाडीचं चाक नव्हे. वाकवलेली पट्टी कोपऱ्यात फुगते आणि फुगली की तिच्या पोटात झुरळं संसार मांडतात. आणि टाइला वाळल्यावर वरून चिकटवायची? पट्टी टाइलेच्या पाठीवर बसवायची नसते, पोटात घालायची असते. तिचा भोकं पाडलेला पाय सिमिटाच्या मालात बसतो, त्यावर टाइल दाबली की टाइलच तिला धरून ठेवते. म्हणून तर आधी पट्टी आणि मग शेवटची ओळ. म्हणून तर त्या सुमितनं ती ओळ सोडून विचारलं. परका पोरगा, पण शहाणा.

हे तुम्हाला ठाऊक नाही. आणि तुम्हाला ठाऊक नाही हे मला पहिलं पत्र सांगतानाच ठाऊक होतं. त्रेचाळीस वर्षं झाली, तुम्ही कड कधी लावलीत?

आठवा दवाखाना. एक्क्याऐंशी साल. तुमचे दादा ओळंबा धरायचे, तुम्ही आणि ते मिळून पांढऱ्या टाइला भराभर चढवायचात. भिंत भरली की दादा म्हणायचे, ‘विजे, कड घे.’ आणि तुम्ही समोरच्या टपरीवर चहाला जायचात. तेव्हा या पट्ट्या कुठे होत्या? मी एकेक टाइल पाण्यात धरून दगडावर घासायची, धार मरेपर्यंत. मग पांढरं सिमिट कालवून मोडक्या चमच्याच्या पाठीनं गोलाई द्यायची. वरून नख फिरवायचं. नख अडलं की खरवडून पुन्हा. अंगठ्याची ही चीर त्या दवाखान्याचीच आहे. तुम्ही चहा पिऊन यायचात तोवर कड झालेली असायची. तुम्हाला वाटलं असेल, आपोआप येते, मिशीसारखी.

शाल तुम्हाला मिळाली, मी टाळ्या वाजवल्या. दादा गेल्यावर घर तुम्ही सांभाळलंत, उन्मेषची फी भरलीत, म्हणून मी कधी बोलले नाही. आजही शाल नको. उकाड्यात शाल घेऊन काय करू?

पण हे घर माझ्या मुलाचं आहे. इथे मला यायला सहा वर्षं झाली, आणि आमटी सोडली तर या घरात माझ्या हातचं एक काही नाही. पोळ्या करायला बाई आहे, देवपूजा उन्मेष करतो, बंगाली मला येत नाही. ही एक कड तेवढी मला येते. उन्मेष मला भिंतीला हात लावू देत नाही. त्याच्या लेखी मी घमेलं उचलणारी. पाच वर्षांचा होता तेव्हा, दवाखान्याच्या वाळूत खेळत बसायचा. घमेलं डोक्यावर असतं, ते लांबून दिसतं. कड भिंतीशी तोंड करून लावावी लागते, ती त्याला दिसली नाही. आणि त्याला पटतो फक्त तुमचा शब्द, तोही कागदावरचा. माझा शब्द कागदावर येतो तो सुनेच्या अक्षरात.

म्हणून मागणं एवढंच. एक ओळ लिहा: ‘कड वहिनीला येते, तिला लावू दे.’ बाकी काही लिहू नका. पाच जानेवारीच्या आत पोचू दे, नाहीतर तुमची ती प्लॅस्टिकची पट्टी माझ्या डोक्यावर बसेल आणि रोज पोळी खाताना मी तिच्याकडे बघत बसेन.

विजया (अंगठा)

काका, आई दिवा लावायला गेल्यात, तेवढ्यात चार ओळी माझ्या. मला त्या म्हणाल्या, ‘कोपरा कसा जुळतो ते बघ,’ आणि साबणाच्या दोन वड्या सुरीनं तिरक्या कापून एकमेकींना लावल्या. सांधा दिसत नव्हता. उन्मेषला दाखवायला ठेवल्या तर त्यानं त्याच वड्यांनी आंघोळ केली. आई रोज दुपारी त्या उघड्या कडेवरून बोट फिरवतात. त्यांना म्हणू नका की मी लिहिलं. — सुनीती


कराड
५ डिसेंबर २०२४

ती. वहिनींस सा. न.

पत्र पावले. हे पत्र उन्मेषकडून वाचून घ्यावे.

झालेल्या गोष्टी उकरून काढण्यात अर्थ नाही. दवाखान्याचे काम दादांचे आणि माझे. आपण हाताखाली होतात, ते कोणी नाकारत नाही. हाताखालचे माणूस पुष्कळ पाहते, आणि पाहिलेले केल्यासारखे वाटू लागते. त्रेचाळीस वर्षांत असे होते.

मंदारचा धंदा नुकताच जम धरतो आहे. त्याच्या पाटीवर जे लिहिले आहे त्यावर गिऱ्हाईक येते. याचाही विचार व्हावा.

आपले वय चौऱ्याहत्तर. स्टुलावर चढणे, माल कालवणे हे आता शोभत नाही. उन्मेषने ठरवले आहे तसेच करावे. माझी कृती मी कळवली आहे.

राग नसावा.

श्यामराव


सॉल्ट लेक
१२ डिसेंबर २०२४

श्यामराव भावोजींना वहिनीचा आशीर्वाद. मागल्यापेक्षा थोडा कमी, पण आहे.

तुमचं पत्र उन्मेषनं रात्रीच्या जेवणाआधी मोठ्यांदा वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाला, ‘बघ आई.’ मी म्हटलं, ‘बघितलं.’ आणि आमटी वाढली. त्यानं दुसऱ्यांदा मागितली, म्हणजे मला राग नव्हता हे सिद्ध झालं. रागात माझी आमटी खारट होते, तुम्ही खाल्लेली आहे.

सुनीतीनं मागल्या पत्रात खाली काहीतरी घुसडलं होतं, तेही मला माहीत आहे. मी बोलायची थांबले, दिवा लावून आले, तरी हिचं पेन चालूच. मला अक्षर येत नाही, पण किती बोलले आणि कागदाची किती जागा गेली याचा अंदाज येतो. माल किती लागेल याचा आयुष्यभर अंदाज घेतलाय. (पकडले गेले, काका. — सु.)

आता कामाचं. तुम्ही म्हणता, पाहिलेलं केल्यासारखं वाटतं. असेल बाई, म्हातारपण आहे. म्हणून म्हटलं, करूनच बघावं. परवा सुनीतीला घेऊन रिक्षानं उल्टाडांग्याला गेले. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं बोट दाखवत सुटले. दुकानदार माझ्याशी बंगालीत बोलला, मी त्याच्याशी मराठीत. पहिल्यांदा त्यानं काढलेली धातूची पट्टी मी टाइलेच्या तुकड्याला लावून परत दिली, टाइलेपेक्षा उंच होती. दुसरी टाइलेहून बुटकी होती. तिसरी बरोबर टाइलेइतकी. तेव्हा तो हसला आणि त्यानं मला बसायला स्टूल दिलं. लोखंड कापायची पातळ करवत आणि कानसही घेतली.

बाल्कनीत जुन्या पाटाची फळी होती. तिच्यावर तुटक्या टाइलांचे तुकडे घेऊन एक कोपरा लावला. दोन पट्ट्या अर्ध्या काटकोनात कापल्या, कानस मारून चरे घालवले, मालात बसवल्या, वर टाइल दाबली. पहिला कोपरा बिघडला, खोटं कशाला बोलू. तिरका काप उलट्या अंगाला गेला. सुनीती म्हणाली, ‘जाऊ द्या आई.’ मी म्हटलं, ‘लग्नातली पहिली पोळी कुत्र्याला, दुसरी जावयाला.’ दुसरा कोपरा जमला.

तोच या खोक्यात आहे. कुरिअरवाला वजन बघून म्हणाला, यात काय, दगड? मी सुनीतीला म्हटलं, सांग त्याला, पत्र आहे. तुम्हाला अक्षर येतं, तुम्ही कागदावर लिहिता. मला येतं ते मी फळीवर लिहिलंय.

डोळे मिटा आणि नख फिरवा, भावोजी. टाइलेवरून पट्टीवर, पट्टीवरून कोपऱ्यावर. तुम्ही कड लावत नव्हतात, पण कड ओळखता, एवढं मी तुमच्याबद्दल नक्की सांगेन. नख कुठे अडलं तर मला कळवा, मी उन्मेषला सांगते की प्लॅस्टिकची आण. नाही अडलं, तर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

सोबत खजुराच्या रसाचा नवा गूळ पाठवला आहे. इथे त्याला नोलेन गूळ म्हणतात. साखरेचं पथ्य आहे ना तुम्हाला? मंदारला द्या.

विजया (अंगठा)


कराड
२४ डिसेंबर २०२४

चि. उन्मेष यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नावे आहे. वहिनींना समोर बसव आणि मोठ्याने वाच. मधले काही गाळू नकोस. मी चार वेळा लिहून फाडले आहे, म्हणून हे जसे आहे तसे पाठवतो.

खोके आले. मी डोळे मिटून नख फिरवले. अडले नाही. मंदारने फिरवले, त्याचेही अडले नाही. तो म्हणाला, ‘बाबा, आपल्या कामात असा कोपरा का येत नाही? गिऱ्हाईकं पट्टी सुटली म्हणून परत येतात.’ मी फळी उलटी केली. मागे माल उतू आलेला होता आणि त्यावर अंगठा होता. मधून तिरकी चीर.

उन्मेष, मालात उमटलेला तो अंगठा मी याआधी एकदा पाहिला आहे. २००६ साली दवाखान्याला पंचवीस वर्षे झाली म्हणून सत्कार ठरला. त्याआधी आठ दिवस तिथल्या दाराची जुनी लाकडी चौकट काढून लोखंडी बसवली. नवी अरुंद होती, त्यामुळे चौकटीमागे दडलेली वीतभर भिंत उघडी पडली. नगरपालिकेने ती लिंपायला मलाच बोलावले. कड जिथे चौकटीमागे जाऊन संपते, तिथे सिमिटात अंगठा उमटलेला होता. कारागीर आपले काम झाले की कुठेतरी खूण ठेवतो. दादांची खूण मला माहीत होती, माझीही. ती आमची नव्हती. मी थापीभर माल घेतला आणि त्यावरून फिरवला. आठ दिवसांनी शाल घेतली.

कड मला येत नाही. कधीच येत नव्हती. दादांनाही येत नव्हती. पण ते तसे म्हणत, मी म्हटले नाही. दवाखान्याची कड, शाळेच्या पाणपोईची कड, आपल्या जुन्या घरातल्या मोरीची कड, ज्यावर तू लहानपणी बसायचास, सगळ्या तुझ्या आईच्या हातच्या. तिने घमेलीही उचलली. पण ती कारागीर होती, हाताखालचे आम्ही होतो. आम्ही भिंत भरून द्यायचो, काम ती पुरे करायची.

पाच तारखेच्या मागच्या पत्रात मी लिहिले ते खोटे होते. वय झाले म्हणून नव्हे, भीतीने लिहिले.

काल मंदारला घेऊन दवाखान्यात गेलो. घरची किल्ली घेऊन लिंपण खरवडू लागलो. नर्सबाई ओरडल्या, ‘ओ आजोबा, सरकारी भिंत आहे!’ मी म्हटले, ‘बाई, घाण माझीच आहे, मीच काढतोय.’ अंगठा तसाच आहे. मंदारने फोटो काढला आहे, तो तुझ्या फोनवर पाठवेल. पाटी उतरवायची की कसे, ते वहिनी सांगतील तसे करू.

कड तिला लावू दे.

तुझा
श्यामराव काका


सॉल्ट लेक
६ जानेवारी २०२५

श्यामराव भावोजींना वहिनीचा पूर्ण आशीर्वाद. मागला कापलेला भाग व्याजासकट परत.

एक ओळ मागितली होती, तुम्ही चार पानं पाठवलीत. अक्षर येणाऱ्यांना आवरत नाही.

तुमचं पत्र उन्मेषनं वाचलं. पहिलं पान बँकेतल्यासारखं खणखणीत वाचलं. मोरीच्या कडेपाशी आला आणि थांबला. मला म्हणाला, ‘त्या मोरीला धार नव्हती. शेजारच्यांच्या मोरीवर बसलं की मांडीला टोचायचं, आपल्या नाही.’ मी म्हटलं, ‘मग? तुझ्याच मांड्यांसाठी घासली होती.’ मग बाकीचं पत्र सुनीतीनं वाचलं. तो खिडकीतून बाहेर मेट्रो बघत उभा राहिला. आमच्या खिडकीतून मेट्रो दिसत नाही.

काल सुमित आला. येताना उन्मेषनं आधी सांगितल्याप्रमाणे ती रुंद प्लॅस्टिकची गुंडाळी घेऊनच आला होता. उन्मेषनं ती त्याच्या हातातून घेतली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘आज ये करेंगी.’ सुमितनं माझ्याकडे बघितलं, मी नऊवारीचा काचा मारून उभी. त्याला वाटलं चेष्टा आहे. मग मी पट्टीचा पहिला काप घेतला, कानस मारली आणि त्याच्या हातात दिला. त्यानं बोट फिरवलं आणि बाजूला झाला. तिथून पुढे तो मराठी समजू लागला.

माल कालवायला बादली मागितली तर उन्मेष आतून घमेलं घेऊन आला. नवं कोरं, लोखंडी. शनिवारीच जाऊन आणलं म्हणे. मी उचलायला वाकले तर म्हणाला, ‘तू नाही. मी धरतो, तू लाव.’ आणि तो बँकेचा मोठा साहेब दीड तास घमेलं धरून उभा राहिला. दोनदा मी त्याला ओरडले, ‘खाली धर, हात पोचत नाही.’ एकदा ‘इकडे काय बघतोस, माल बघ.’ गवंड्याचा मुलगा, पण हाताखालचा म्हणून कच्चा आहे. शिकेल.

स्टुलावर चढले नाही, तुमचा मान ठेवला. वरच्या ओळीतल्या पट्टीला सुमितनं हात लावला, मी खालून सांगितलं. उभी कड आणि कोपरा मात्र माझा. पट्टी आधी, टाइल मग. एकही टाइल फुटली नाही. जास्तीची होती ती उरली, सुनीतीनं गरम भांडं ठेवायला घेतली. दुपारी सांधे भरले, ओल्या फडक्यानं पुसलं, आणि मी तिघांना रांगेत उभं करून नख फिरवायला लावलं. सुमितनं दोनदा फिरवलं. म्हणाला, ‘माशिमा, आमाके शेखाबेन?’ सुनीती सांगते, मावशी, मला शिकवाल का असं विचारतोय. मी म्हटलं, रविवारी ये, फळी घेऊन ये. बजबजहून येणार आहे.

आता पाटीचं. उतरवू नका. मंदारचं घर चालतं तिच्यावर. पण खोटी पाटी ठेवायची नसेल तर खरी करा. मंदारला आठ दिवसांसाठी इकडे पाठवा. रविवारी बजबजवाला आणि कराडवाला शेजारी शेजारी बसतील. काप उलटा गेला की दोघांनाही सारखंच ओरडेन. तुम्हीही या. कड शिकायला वय लागत नाही, कानातलं यंत्र मात्र कानात लागेल.

शाल तुमच्याकडेच राहू दे. थंडीत अंगावर घ्या, फोटोत नको.

एक राहिलं. उन्मेष म्हणाला, ‘आई, या वेळी अंगठा समोर लाव, सगळ्यांना दिसेल असा.’ मी लावला, पण कुठे ते त्यालाही सांगितलं नाही. सकाळपासून भिंतीला नाक लावून शोधतोय, ऑफिसला उशीर झाला. सुनीतीनं पाहिलंय, तिला शपथ घातली आहे. तुम्हालाही सांगत नाही, भावोजी. तुमच्या हातात अजून थापी आहे.

विजया
(अंगठा)